सुनेच्या जागेची राखण

"ह्यात कायतरी गोम हाय," असं म्हणत आमच्या मावशी कुठलीही नवी वस्तू आधी नाकाशी धरायच्या. अमेरिकन दुधाची पावडर, वासाचा साबण, अगदी आगपेटीसुद्धा! वास पटला तरी भरवसा ठेवतील तर शपथ.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एकोणीसशे पंचावन्न-छपन्नच्या सुमारास पिंपरीतल्या औषधाच्या कारखान्यात एक अमेरिकन साहेब होता. मावशी त्याच्या बंगल्यावर धुणंभांडी करायच्या. आम्ही शेजारच्या क्वार्टरमध्ये. माझं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं, म्हणून मावशी आणि मडम यांच्यामधली दुभाषी मीच. फुकटची!

मावशींची सून ऐन विशीत विधवा झालेली. कारखान्यात बाटल्या भरायला बायका घेणार असं कळलं, तशी ती हटूनच बसली. मडमही तिच्या बाजूची. भाऊकी खवळली, "इधवा सून कंपनीत? नाक कापलंस, म्हातारे!"

मावशींचा संशय वेगळाच. "बाप्ये काय मेले व्हय सगळे? बायाच कशापायी पायजेत? आन् काम एवढं चांगलं, तर मडम सोता का घरी बसलीया? इचारा."

"अहो मावशी, असं कसं विचारू?"

"इचारा वो!"

विचारलं. मडम सांगू लागली. दुसऱ्या महायुद्धात तिकडचे पुरुष आघाडीवर गेले तेव्हा ती विमानाच्या कारखान्यात पत्रे जोडायची. पुरुष परतले आणि बायकांना सांगितलं, बास झालं, घरं सांभाळा. तिची आईसुद्धा तेच म्हणाली. बोलता बोलता तिनं मनगटावरचा ठिणगीचा डाग दाखवला, आणि काय हसली हो! एरवी बिचारी दिवसभर खिडकीशी बसलेली असायची.

"म्हंजी तिकडं बी त्येच. गरज सरो, वैद्य मरो," मावशी पुटपुटल्या. मला वाटलं, संपलं सुनेचं.

पण बाहेर पडताना म्हणाल्या, "डाग दावताना हसली बया. चुलीचा चटका दावताना हसतं का कुनी?"

दुसऱ्या दिवशी स्वतःच सुनेला घेऊन कारखान्यावर गेल्या. पुढे बंगल्यावरचं काम उरकलं की कारखान्याच्या फाटकासमोर बसून राहायच्या. आत जाणारा प्रत्येक पुरुष डोळे बारीक करून बघायच्या. "त्यो नवा कोन? कुटं बसवनार त्येला?" वॉचमन कावायचा. "राखणीचा पगार मागा की," मी चिडवायची. मावशी हसायच्या नाहीत.

एका हिवाळ्यात त्या तापानं गेल्या. माझ्या मनाला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून डबा घेऊन निघाली, तेव्हा आळी हादरली. भाऊकीनं वाटच अडवली. "घरात सुतक हाय. लाज वाटत न्हाई?"

रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "आत्याबाईंनीच बजावलंय," ती म्हणाली. "माजं सुतक धरू नगंस. तेरा दिस जागा रिकामी दिसली, तर तितं बाप्या बसवत्याल."

भोंगा झाला. भाऊकीतला दीर वाटेतून हलेना, तेव्हा ती त्याला वळसा घालून गेली.