बाबांच्या गालांचा व्यायाम

तान्ह्या पोराला हसवायला कुणी गाल फुगवले की मी अजूनही उठून आत जाते. म्हातारी तिरसट आहे म्हणतात. असेन. पण माझ्या वडिलांचे फुगवलेले गाल त्यांनी पाहिलेले नाहीत.

बाबा रत्नागिरीच्या कचेरीत कारकून होते. आई गेली तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे आणि मी पंधराची. घरात आम्ही दोघंच उरलो. खरं तर माझ्यासाठी स्थळं बघायचे ते दिवस, पण आईचं वर्षश्राद्धसुद्धा व्हायचं होतं आणि हे स्वतःच गुडघ्याला बाशिंग बांधून बसले. शिमग्याला मुंबईहून आलेल्या कुणा चाकरमान्याने त्यांना एक पातळसं चोपडं आणून दिलं होतं. तोंडाचे व्यायाम करा आणि तरुण दिसा, असं त्यात चित्रं काढून सांगितलेलं. बाबांनी आयुष्यात पोथीसुद्धा एवढ्या भक्तीने वाचली नव्हती.

रोज सकाळी मागच्या पडवीत हा तमाशा चाले. आधी तोंडाला लोणी फासायचं. ताक मी घुसळायची, लोणी यांच्या गालांना आणि माझी भाकरी कोरडी. मग गाल फुगवून श्वास कोंडायचा, डोळे बाहेर येईस्तोवर. मांडवीच्या किनाऱ्यावर जाळ्यातून काढून टाकलेला केंड मासा असाच फुगून पडलेला असतो, पण तो बिचारा जिवाच्या भीतीने फुगतो. मग खालचा ओठ नाकाकडे ओढायचा, कपाळ बोटांनी दाबून धरून भुवया उडवायच्या, आणि शेवटी जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढून घशातून घर्रर्र आवाज करायचा. शी! मी विहिरीवर असले तरी रहाटाच्या कुरकुरीतून तो आवाज कानात शिरायचा. ओठांच्या कडेने लाळ आणि लोणी एकत्र ओघळायचं, ते पंच्याने टिपायचं. तो पंचा धुवायला मला.

आणि आरसा कुठला? आईच्या फणेरपेटीतला. आई रोज न्हाऊन आली की त्या आरशात बघून कुंकू लावायची. तिचा करंडा, मेणाची डबी, फणी, सगळं अजून पेटीत होतं आणि त्याच्यावर वाकून हे जीभ काढून दाखवत होते. जनाची नाही तर मनाची तरी! म्हातारचळ म्हणतात तो हाच.

गावात सगळ्यांना त्यांचं वय ठाऊक होतं, म्हणून स्थळ शोधलं ते गणपतीपुळ्याच्या बाजूच्या एका खेड्यातलं. मुलगी सतरा वर्षांची. बाबांनी पत्रिका नवी लिहवून आणली, मिशांना कलप लावला आणि वय सांगितलं तेहतीस. आता तेहतिशीच्या माणसाला पंधरा वर्षांची लेक जरा जडच जाते. तेव्हा मला लुगडं सोडून परकर-पोलकं घालायला लावलं, माझ्या मलाच दोन वेण्या घालायला सांगितल्या, आणि कुणी विचारलं तर अकरा म्हणायचं, असं बजावलं. मी हो म्हटलं. नाही म्हणायची रीतच नव्हती आमच्याकडे.

तरीतून खाडी ओलांडून पुढे बैलगाडीने आम्ही गेलो. बाबा वाटभर पंच्याआड गाल फुगवत होते. ओटीवर पुरुषांची बोलणी सुरू झाली तशी त्या मुलीने मला परसात नेलं. माझ्या वेण्या वाऱ्याने सुटल्या होत्या. तिने मला पायरीवर बसवलं, मागे बसून हळूहळू गुंता सोडवला, नीट विंचरलं आणि अबोलीचा वळेसर माळला. आई गेल्यापासून माझ्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

मग तिने मला समोर बसवलं आणि विचारलं, तुझं वय किती गो? म्हणाली, पत्रिका कुणीही लिहून आणतो. पण माझ्या वडलांनी कबूल केलंय, माणूस चाळिशीचा निघाला तर देणार नाही. "तुझ्यावरून मला कळेल. गळ्याशप्पथ खरं सांग."

मी खरं बोलले असते तर ती सुटली असती. पण ती आमच्या घरी यावी असं मला वाटत होतं. तो हात रोज माझ्या केसांत असावा असं वाटत होतं. मी गळ्याला चिमटा धरला आणि म्हटलं, "अकरा."

वैशाखात लग्न झालं. बाबांनी फणेरपेटी तिला दिली, पण सकाळी आरसा त्यांनाच लागायचा. ती त्यावरचं लोणी राखेने पुसायची आणि मग कुंकू लावायची. माझे केस मात्र रोज विंचरायची. तीन आठवडे मी सुखात होते, हे सांगायलाही आज लाज वाटते.

मग मला कावळा शिवला. बाबांनी पत्रिका बदलली, मिशा रंगवल्या, लेकीला परकर नेसवला, पण चार दिवस वेगळं बसण्याचा विचार काही त्यांच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही. सवयीने मी गोठ्याजवळच्या खोपटीत जाऊन बसले. ती पानावर भात घेऊन आली, लांबूनच पान सरकवलं आणि तिथेच थांबली.

"कधीपासून बसतेस?"

जीभ परत खोटं बोलायला धजली नाही. मी म्हटलं, तीन वर्षं झाली.

ती मनात हिशेब करत उभी राहिली. पडवीतून घर्रर्र आवाज येत होता. तिने तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "ते खोटं बोलणार हे मला ठाऊक होतं. म्हणून तर तुला विचारलं होतं." आणि तिथेच खाली बसून तोंडात पदर कोंबून रडली. मला तिला शिवता येत नव्हतं. चार हात लांब बसून नुसती बघत राहिले.

बाबांची किळस मला पहिल्यापासून होती, त्यात काही नवं नव्हतं. त्या दिवशी माझी मला आली.

चौथ्या दिवशी न्हाऊन मी घरात आले आणि ओले केस मोकळे सोडून फणी घेऊन तिच्यापुढे बसले. तिने फणी माझ्या हातात परत ठेवली.

"तुझे तू विंचर," ती म्हणाली. "मोठी आहेस."