कलघटगीचा पाला

"थोडंसंच वर आहे," डॉक्टर म्हणाले होते. माझ्या नवऱ्याच्या रक्ततपासणीत यकृताचा एक आकडा हवा त्याहून जरा जास्त निघाला होता. चरबीमुळे असेल, नाहीतर मागच्या तापातल्या गोळ्यांमुळे. वजन उतरवा, दीड महिन्यानं परत बघू, तोवर मनानं कसलंही औषध घेऊ नका. इतकं सरळ सांगितलं होतं हो!

पण आमच्या कन्नड मुलखात यकृत म्हटलं की कावीळच, आणि कावीळ म्हटली की गुपचूप घ्यायचा झाडपाला. माझी थोरली नणंद, आम्ही सगळे तिला अक्काच म्हणतो, नवनगरहून आमच्या सप्तापूरच्या घरी यायची आणि "शेत बघून येतो" म्हणत रविवारी भावाला कलघटगीला न्यायची. कुठलं बोडक्याचं शेत! परत आला की त्याच्या तोंडाला कडू पाल्याचा वास यायचा. विचारलं तर दोघंही गप्प.

दुसरा रिपोर्ट आला तेव्हा आकडा कितीतरी पटीनं चढला होता. डोळे पिवळे. अक्का आणि मी त्याला घेऊन डॉक्टरांकडं गेलो.

"मधे काय घेतलंत?" डॉक्टरांनी विचारलं. कॉलेजात शिकवणारा माझा नवरा मान हलवून म्हणाला, "काही नाही."

"मिठाची गुळणी धरलीय का तोंडात?" मी तिथंच ओरडले. "जीव जाईल तुमचा! अक्का, तुम्ही तरी बोला की!"

अक्कानं माझा दंड धरला. "नाही गं बोलायचं," ती पुटपुटली. "हा पाला बाहेर सांगितला की उलटतो. घेणाऱ्याचा जीव घेतो."

डॉक्टर थांबले होते. "काय घेतलं ते कळल्याशिवाय मी पुढं कसं जाऊ?"

अक्कानं भावाच्या पिवळ्या डोळ्यांकडं पाहिलं. मग कन्नडमधून तिनं सगळं सांगून टाकलं: पाला, रस, रविवार, उपाशीपोटी.

पाला त्या दिवशीच बंद झाला. दवाखान्यात बरेच दिवस काढावे लागले. आकडा हळूहळू उतरला, आणि उतरेपर्यंत अक्का जेवली की नाही, मला माहीत नाही.

पुढं एकदा भाजी निवडताना मी विचारलं, "अक्का, उलटेल असं खरंच वाटत होतं, तर बोललात कशा?"

तिनं मान वर केली नाही.

"आधी मनात म्हटलं, उलटायचं तर माझ्यावर उलट. मग बोलले."