खुर्चीतलं खुर्चीत

आमच्या घरात पुरुषांनी पुढच्या दारानं यायचं नाही. कायदा माझा आहे. लातूरच्या या गल्लीत माझं ब्युटी पार्लर आमच्याच बैठकीत चालतं. तोंडाला ब्लीच फासून बसलेल्या बाईसमोर अचानक माझा नवरा भाजीची पिशवी घेऊन उभा राहिला, तर ती बाई पुन्हा येत नाही. म्हणून हे बोळातून, नालीवरून उडी मारून, मागच्या दारानं येतात. स्वतःच्या घरात चोरासारखं यावं लागतं, अशी त्यांची तक्रार आहे. चोर एवढा आवाज करत नाहीत.

घर आणि धंदा वेगळा ठेव, असं मला सगळे सांगतात. सांगणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं. मी फेशियलचा मसाज कुकरवर मोजते. दोन शिट्ट्या होईपर्यंत गाल, तिसरीला कपाळ, आणि मग तिथूनच ओरडते, "गॅस बंद करा." गिऱ्हाईक डोळ्यांवर काकडी ठेवून विचारतं, "आज वरण का?" नळाला पाणी आठवड्यातून एकदा, त्यामुळं एका तोंडाला मी किती मग पाणी वापरते यावर सासूबाईंची नजर असते. बायकांनी तोंड घरूनच धुऊन यावं, असं त्यांचं मत आहे.

आयब्रो करताना दोऱ्याचं एक टोक माझ्या दातांत असतं. मला बोलता येत नाही, आणि समोरच्या बाईला नेमकं हेच आवडतं. खुर्ची मागं झुकली की बायका सुरू होतात. नवरा, सून, जावेचं सोनं, सगळं बाहेर येतं. मी नुसतं हूं हूं करते. यातलं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही, खुर्चीतलं खुर्चीत, हा माझा दुसरा कायदा. खरं सांगायचं तर धंदा त्याच्यावरच चालतो. आयब्रो काय, चार घरं सोडून दुसरीही करते.

मागच्या गल्लीतल्या एक काकू दर पंधरा दिवसांनी यायच्या. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला. तिथं तो एका मुलीबरोबर राहतो आणि लग्न करीन तर तिच्याशीच म्हणतो, हे काकूंनी मला दोन वर्षांत इतक्यांदा सांगितलं होतं की त्या मुलीचं आवडतं आईस्क्रीमही मला पाठ होतं. काकूंचा उपाय ठरलेला. "आपल्यातली एखादी गरीब पोरगी बघून लगीन लावून देते. लेकरू झालं की येतंय ठिकानावर." मी हूं म्हणायचे. कुणाची तरी पोरगी, मला काय त्याचं.

गेल्या उन्हाळ्यात ती पोरगी आमचीच निघाली. सासूबाईंच्या भावानं माझ्या नणंदेसाठी स्थळ आणलं. मोबाईलवर बायोडाटा आला, बघते तर फोटो काकूंच्या मुलाचा. सासूबाई हरखून गेल्या. "पुन्याला फ्लॅट हाय. चोवीस तास पानी हाय." मुलगा काय करतो, हे त्यांनी नंतर वाचलं. नणंद शाळेत शिकवते, एरवी कुणाला मोजत नाही, पण तिनंही तो फोटो दोनदा मोठा करून बघितला. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "वैनी, त्या काकू तुमच्याकडं येतात ना? कशी हायत मानसं?"

मी म्हणाले, "काकू बोलक्या आहेत."

इतकं पळपुटं उत्तर मी आयुष्यात दिलं नव्हतं. पुढचे तीन दिवस मी नणंदेच्या काळजीनं झुरत होते असं लिहायला बरं वाटलं असतं. मी पार्लरच्या काळजीत होते. पार्लरवाली इकडचं तिकडं करते, एवढं एक वाक्य गल्लीत फिरलं की माझी खुर्ची अंगणात, आणि तिच्यावर सासूबाईंचे पापड.

रविवारी चारला बघण्याचा कार्यक्रम होता. सकाळी दहाला काकू हजर. आमच्या घरी यायचं म्हणून आमच्याच घरी नटायला. स्वयंपाकघरात सासूबाई पाहुण्यांच्या शंकरपाळ्या तळत होत्या, आत नणंद साडीला इस्त्री करत होती. काकू खुर्चीत पडल्या आणि डोळे मिटून हळूच म्हणाल्या, "तू आता घरचीच झालीस बघ. जुनं काई काढू नको. पोरगी लई साधी हाय तुमची, तिला न्हाई कळायचं. आन आमच्या भावकीतल्या साऱ्या बायका तुझ्याकडंच धाडते."

त्यांची उजवी आयब्रो झाली होती. मी दोरा तोंडातून काढला. "काकू, तुमच्या मुलानं चारला येऊन ती पुण्याची गोष्ट स्वतः सांगावी. नाहीतर आत्ता मी सांगते."

त्या उठल्या आणि डाव्या बाजूला पदर ओढून चालत्या झाल्या. कोरलेली एक, रानटी एक. चारला कुणी आलं नाही.

सगळं सांगितल्यावर सासूबाईंनी आधी काकूंचा उद्धार केला, मग माझा, मग पोह्यांचा, कारण ते भिजवून झाले होते. नणंदेनं इस्त्री केलेली साडी घडी घालून ठेवली आणि माझ्याकडं वळली.

"कधीपासून ठाऊक होतं?"

"दोन वर्षं."

"आन मी तुम्हाला इचारलं तवा?"

"तेव्हाही."

"मग हे तीन दिवस कशाचा इचार करत होता?"

"पार्लरचा," मी म्हणाले. तिच्याशी आणखी एक खोटं बोलायची लाज वाटली. तिनं मान हलवली आणि पोहे वाढून घेतले.

काकूंनी आपलं काम चोख केलं. महिनाभर फार कुणी फिरकलं नाही. पार्लर रिकामं म्हणून आमचे हे दोन दिवस पुढच्या दारानं आले, मग सवय नाही म्हणून पुन्हा मागून यायला लागले. हळूहळू बायकाही परतल्या. आता जरा जपून बोलतात, म्हणजे नावं गाळून.

एके दुपारी नणंद येऊन खुर्चीत बसली. मी दोरा दातांत धरला आणि वाट बघू लागले. शिव्या घालेल, रडेल, निदान शाळेतल्या हेडबाईंची नक्कल करेल. एरवी खुर्चीत बसल्यावर तिचं तोंड बंद नसायचं. तिनं डोळे मिटले. दोन्ही आयब्रो झाल्या. आरसा दिला, तिनं बघितलं, परत दिला आणि आत गेली. माझ्या खुर्चीत एकही शब्द न बोलता बसलेली ती पहिलीच बाई.