शेवटी काहीच घडत नाही?

मंडळी, नव्वदच्या दशकातली सर्वोत्तम कादंबरी कोणती, यावर सकाळपासून ग्रुपवर भांडताय ना? मी दुपारी ते सगळं रानातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत स्वतःला कोंडून घेऊन वाचलं.

मी आणि सासूबाई निमगाव साव्याच्या आमच्या रानात पाणी द्यायला गेलो होतो. मोटार चालू केली आणि समोरच्या उसातून बिबट्या बाहेर आला. आम्ही खोलीत शिरून कडी घातली. ह्यांना फोन केला. "फटाके घिऊन येतो. तवर दार उघडू नका."

आत लई उकडत होतं. वेळ जाईना म्हणून ग्रुप उघडला, तर माझ्या आवडत्या कादंबरीवर एका भाऊंनी लिहिलेलं, "शेवट फुसका. बाई तिन्हीसांजेला एकटी रानातून घरी येते. काहीच घडत नाही."

चिडून मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या दाराच्या फटीतून उसाकडे बघत होत्या.

"वाटंत काईच न्हाई झालं?"

"नाही."

"नीट पोचली?"

"पोचली."

"मंग त्यास्नी आजून काय पायजे व्हतं?"

हे आल्यावर फटाके वाजवत, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून आम्ही घरी आलो.

भाऊ, माझं मत त्याच कादंबरीला. तुमच्या आवडत्या कादंबरीतली बाई एकटी कुठवर जाते?