नुसतं पित्त हाय

नव्वदच्या दशकात बाबांनी छाती धरली तेव्हा कसबा बावड्यातली आमची अख्खी गल्ली धावली, आणि ते वाचले. पुढं आईचा जबडा आणि पाठ दुखायला लागली. "पित्त हाय, दुसरं काय न्हाय," म्हणत तिनं आमसुलाचं पाणी घेतलं, भाकऱ्या थापल्या आणि परातीवरच कोसळली. बायकांना हृदयविकाराचा झटका असाही येतो, हे डॉक्टरांनी ती गेल्यावर सांगितलं. म्हणजे बाईनं आधी छाती धरून दाखवायची काय? काही वर्षांनी माझी थोरली बहीण गेली, आईचेच शब्द बोलत.

मग एका सकाळी भाकरी थापताना माझा जबडा ठणकला. नवऱ्यानं विचारलं, "काय होतंय?" मला सगळं ठाऊक होतं. तरी माझ्या तोंडून हुबेहूब आईचा आवाज आला, "पित्त हाय, दुसरं काय न्हाय."