गोदावहिनींचा पहिला प्रश्न

आमच्या गावाहून, अकोटकडून, मोटारीने आलेल्या माणसाने मला शाळेच्या फाटकाशीच गाठलं. त्याच्या हातात नेहमीसारखी पानांची जुडी नव्हती, तेव्हाच मी काय ते समजलो. गोदावहिनी गेल्या... त्याला आता पाच आठवडे होतील. आमच्या घरात शहाणी माणसं मोजकीच, आणि त्यांत पहिला मान वहिनींचा, हे मी सध्या अमरावतीभर सांगत सुटलो आहे. ऐकणारा आमच्या गावचा असला की जरा दचकतो, कारण याच वहिनींना एके काळी वेड्या म्हणून खांबाला बांधलं होतं. बांधणारा मीच होतो.

आमचा पानमळा. त्यात पायताण घालून कोणी जात नाही, आंघोळीवाचून जात नाही, आणि सोयर असलं तर बांधालाही पाय लावत नाही. नामदेव झाला आणि नवव्या दिवशी, भरदुपारी, वहिनी बाळंतिणीच्या खोलीतून उठून थेट मळ्यात जाऊन बसल्या. शोधून आणल्या तेव्हा अंग तापलेलं होतं. हे लेकरू माझं नाही, बदलून ठेवलं, असं त्या म्हणू लागल्या. त्याच आठवड्यात दोन ओळींतले वेल पिवळे पडले. आमच्या मायने निकाल देऊन टाकला, "मळा बाटला, देवी कोपली." मग भगत आला, धूर झाला, लिंबं कापून झाली. वहिनी ओरडत लेकराच्या अंगावर धावल्या, तेव्हा सुट्टीवर घरी आलेल्या मी, घरातल्या एकमेव शिकलेल्या दिराने, त्यांचे हात ओसरीच्या खांबाला बांधले आणि नामदेवला उचलून मागच्या खोलीत नेलं. लोकांच्या पोरांना शहाणपण शिकवणं हा माझा धंदा! त्यांना माहेरी धाडायचं, लेकरू इथेच ठेवायचं आणि दादाचं दुसरं लग्न करायचं, ही बोलणी त्यांच्यादेखत, त्याच ओसरीवर चालली होती.

दादा फारसं बोलणारा नव्हता. तो एक दिवस कोणाला न सांगता अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात गेला आणि तिथल्या डॉक्टरांना घेऊनच परतला. डॉक्टरांनी आधी दोरी सोडायला लावली. माय आडवी आली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "हिवतापात माणूस बरळतो, त्याला बांधता का तुम्ही?" मग खाली बसून एकेकाला विचारत गेले. ताप कधीपासून? रक्त किती गेलं? माहेरी कोणाला असं झालं होतं? यावर, बातमी ऐकून आलेल्या वहिनींच्या आईने पदर तोंडाला लावला. "माह्या बहिणीले झालतं... आमी लोकायले सांगतो का, तिचा इहिरीत पाय घसरला." डॉक्टर मळ्यापर्यंत गेले, बांधाशी बूट-मोजे काढून अनवाणी आत शिरले आणि वहिनी बसल्या होत्या ती जागा पाहून आले. परत येऊन त्यांनी वहिनींनाच विचारलं, "मळ्यात का गेला होतात, बाई?"

"तथी गार वाटे," वहिनी म्हणाल्या. "डोक्यातला कलकलाट कमी होये. चार दिस झाले, मले झोपच नाई..."

बस, एवढंच होतं. आम्ही देवीला कौल लावला, भगताला विचारलं; वहिनींना मात्र कोणीच विचारलं नव्हतं. आणि वेलांचं म्हणाल, तर पावसाळा सरला की मुळं कुजून दरसाल एक-दोन ओळी जातातच. पिढ्यान्‌पिढ्या पानं पिकवणाऱ्या आम्हा माणसांना त्याच वर्षी ते आठवू नये!

बाळंतपणानंतर काही बायकांना हा आजार होतो, वेळ लागेल पण बऱ्या होतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. तापाचं औषध, झोपेचं औषध, दूध, स्वच्छ हवेशीर खोली, जवळ सदा एक विश्वासाची बाई. लेकरू दाखवत राहा, पण एकटं सोडू नका. ते दर आठवड्याला येत आणि दारातूनच विचारत, "झोप लागली का?" दुसऱ्या महिन्यात एका सकाळी वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, माहा नामदेव आना." माय नको नको म्हणत होती. तरी मी लेकरू त्यांच्या ओटीत ठेवलं. त्यांनी त्याची टाळू हुंगली, कानामागची तीट पुसून नीट लावली आणि त्याला पाजायला घेतलं. मी भिंतीकडे तोंड करून रडलो, हे लिहायला आता लाज कसली?

पण मला अभिमान आहे तो पुढच्या गोष्टीचा. घराने हे प्रकरण पुरून टाकलं होतं. वहिनींनी ते पुरू दिलं नाही. वलगावच्या माझ्या एका सहकाऱ्याच्या सुनेला बाळंतपणात तसंच झालं, तेव्हा त्या आपणहून आल्या आणि भरल्या घरात म्हणाल्या, "मी बी येडी झालती. दवा घेतली, झोप घेतली, बरी झाली. त्याच्यात लपवाचं काय हाय? इले बांधू नका, डाक्टरले बलवा." दादा घरच्या अब्रूवरून पुटपुटला, तर त्याला म्हणाल्या, "मावशी इहिरीत गेली थे अब्रूपायीच." अशा किती घरी त्या गेल्या असतील!

आणि डॉक्टरांचा प्रश्न त्यांनी कायमचा उचलला. सकाळी ओट्यावर कोणीही दिसो, पाहुणा, गडी, भाजीवाली, त्यांचा पहिला शब्द, "झोप लागली का?" आम्ही चेष्टा करायचो. मी तर न ऐकताच "लागली, लागली" म्हणून चहाकडे वळायचो.

तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी ओट्यावर एकटाच बसलो होतो. त्यांची उशी मागच्या दांडीवर उन्हात घातलेली होती. नामदेव, आता दोन लेकरांचा बाप, मळ्यातून अनवाणी आला, पाय धुतले आणि माझ्याकडे पाहत म्हणाला, "काकाजी, झोप लागली का?"

"नाही रे बाबू," मी म्हणालो. "तीन दिवस झाले... नाही लागली."

त्याने हातातली पानं खाली ठेवली आणि तो माझ्याजवळ बसून राहिला.