बाहेरची कडी
सरकीचा ओलसर वास आला की मला ती म्हातारी आठवते. राळेगावकडच्या एका जुन्या जिनिंग कारखान्याचं कापसाचं गोदाम आम्ही नवराबायकोनं तेव्हा नुकतंच पाहुण्यांना राहण्याजोगं केलं होतं. दगडी भिंती, उंच छप्पर आणि लोखंडी दार मात्र जुनंच ठेवलं होतं. शहरातले लोक त्या दारापाशी हौसेनं फोटो काढत. एका दुपारी गावातली एक म्हातारी आपल्या मुलीचा हात धरून आली आणि दाराशीच थांबली. "आतून उघडते काय हे?" तिनं विचारलं. मी उघडून दाखवलं. "तवा नाही उघडलं. बाया कापूस नेतीन म्हणून बाहेरून कडी लावत. आग लागली तवा माही मोठी बहीण आत होती." मग ती एकटीच आत गेली, तिनं दार ओढून घेतलं आणि दोन्ही हातांनी ढकलून बाहेर आली. पुन्हा आत गेली, पुन्हा बाहेर आली. पाणीही न घेता ती निघून गेली. संध्याकाळी आम्ही वेल्डरला बोलावून ती कडी कापून टाकली. या दाराला बाहेरून कुलूप का लागत नाही, असं पाहुणे अजूनही विचारतात. मी खरं तेच सांगते. काही जण ऐकून सामान उचलतात, आणि मी त्यांना अडवत नाही.